बछेडा विकणे आहे

मराठी वृत्तपत्रांच्या छोट्या जाहिरातींत एक रचना पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहे : ‘विकणे आहे’. घर विकणे आहे, शेत विकणे आहे, जुनी मोटारसायकल विकणे आहे. व्याकरणदृष्ट्या पाहिले तर या रचनेत कर्ता दिसत नाही. ‘मला विकायचे आहे’ असे म्हणणारा माणूस आपली गरज, आपली घाई, क्वचित आपली लाचारीही उघड करतो. ‘विकणे आहे’ म्हणणारा यांपैकी काहीच उघड करीत नाही. विकले जाणे हा जणू त्या वस्तूचाच धर्म आहे आणि जाहिरातदार त्याची केवळ नोंद करतो आहे, असा आभास ही रचना निर्माण करते. घराच्या किंवा मोटारसायकलच्या बाबतीत या कर्तृलोपाने फारसे बिघडत नाही. जिवंत प्राण्याच्या बाबतीत, आणि त्यातही ज्याच्या पाठीवर उद्या कुणीतरी बसणार आहे अशा तरुण घोड्याच्या बाबतीत, घोडे पेंड खाते ते इथेच.

तापीच्या काठी, सारंगखेड्याहून फार लांब नसलेल्या एका गावात, एका शेतकरी कुटुंबाने दोन पिढ्या घरी एक-दोन घोड्या राखल्या आहेत. घरातील मुलीने मराठी विषय घेऊन एम. ए. केले आणि तेव्हापासून घरातले सगळे लिहिणे तिच्याकडे आले : पीककर्जाचा अर्ज, लग्नपत्रिकेचा मसुदा, ग्रामपंचायतीला द्यायचे निवेदन. त्याच न्यायाने वडिलांनी एका संध्याकाळी तिला सांगितले, की बछेडा विकायचा आहे, चांगली जाहिरात लिहून दे. ‘चांगली’ या विशेषणाचा अर्थ त्यांनी सांगितला नाही. सांगण्याची गरजही नव्हती. जिच्यामुळे बछेडा लवकर आणि बऱ्या किमतीला जाईल ती चांगली.

तिचा पहिला मसुदा विशेषणांचा होता. उमदा, पाणीदार, तेजस्वी, राजबिंडा, डौलदार मानेचा. वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला शब्दांचे भांडार हाताशी असते आणि ते वापरण्याचा मोह पडतो, हे समजण्यासारखे आहे. वडिलांनी तो कागद दिव्याखाली धरून दोनदा वाचला आणि विचारले, ‘ही जाहिरात आहे का पोवाडा? यात आपला घोडा कोणता?’ आक्षेप मर्मावर होता. त्या वर्णनात बसणार नाही असा एकही घोडा महाराष्ट्रात नसेल. विशेषण जितके गौरवाचे, तितके ते कमी वस्तूंना इतर वस्तूंपासून वेगळे करते. काव्यात हा दोष एखादे वेळी झाकला जातो, जाहिरातीत तो ताबडतोब उघडा पडतो. कारण जाहिरातीचा वाचक पैसे खिशात घेऊन वाचत असतो.

वस्तुतः घोड्यासोबत राहणाऱ्यांची भाषा विशेषणांची नाहीच. ती नामांची भाषा आहे. कुमेत म्हटले की तांबूस-तपकिरी अंग आणि काळी आयाळ डोळ्यांसमोर उभी राहते. मुश्की म्हटले की काळा, नुकरा म्हटले की पांढरा, अबलख म्हटले की दोन रंगांचे पट्टे. चारही पाय आणि तोंड पांढरे असले की पंचकल्याणी. केसांचे भोवरे कुठे आहेत यावरून तर एक स्वतंत्र संकेतव्यवस्था उभी आहे : गळ्यावरचा देवमण भाग्याचा, डोळ्याखालचा भोवरा अश्रूंची खूण म्हणून अशुभ. या परंपरेचे मूळ शालिहोत्र आणि नकुल यांच्या नावांवर चालणाऱ्या अश्वशास्त्रापर्यंत नेले जाते. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजाने, तिसऱ्या सोमेश्वराने, ‘मानसोल्लास’ सिद्ध केला, त्यातही अश्वलक्षणांचा विचार आहे. शरीर ही वाचायची संहिता आहे, हे आधुनिक समीक्षेला अलीकडे सुचलेले सूत्र घोडेव्यापाऱ्याला कधीचेच ठाऊक आहे. फक्त या वाचनात एक चमत्कारिक गोष्ट आहे. भोवरा पाहणारा घोड्याची प्रकृती वाचत नसतो, तो मालकाचे भविष्य वाचत असतो. चिन्ह घोड्याच्या अंगावर आणि त्याचा चिन्हित अर्थ दुसऱ्याच्या घरात, अशी ही व्यवस्था आहे. तरीही सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत किंवा नांदेडकडे माळेगावला खंडोबाच्या यात्रेत किंमत ठरताना हे भोवरे आजही मोजले जातात.

टॉलस्टॉयच्या ‘खोल्स्तोमेर’ या कथेतील घोडा उत्तम वंशाचा आणि विलक्षण चालीचा असूनही केवळ अबलख म्हणून मालकाच्या नजरेतून उतरतो आणि तबेल्याच्या प्रमुखाला देऊन टाकला जातो. १९१७ मध्ये श्क्लोव्हस्कीने अपरिचितीकरणाचा सिद्धांत मांडताना याच कथेचा आधार घेतला : ‘माझा घोडा’ या शब्दांतील ‘माझा’ म्हणजे काय, हे त्या घोड्याला कळत नाही, आणि त्याच्या न कळण्यामुळे वाचकाला मालकीची कल्पना प्रथमच विचित्र वाटू लागते. मराठी समीक्षेत हा सिद्धांत पुष्कळ वेळा सांगून झाला आहे. त्या कथेत रंगाच्या एका संकेतामुळे एका प्राण्याचे आयुष्य दुसऱ्याच मार्गाला लागते, या साध्या व्यावहारिक गोष्टीकडे मात्र सहसा कुणी थांबून पाहत नाही.

दुसऱ्या मसुद्यासाठी मुलगी वही घेऊन गोठ्यात गेली. कुमेत, पंचकल्याणी. वय अडीच वर्षे. पुढचे मधले दुधाचे दात पडून पक्के दात येऊ लागलेले. उंची ५९ इंच. आई घरचीच, ६१ इंच. बापाची उंची ६३ इंच. धनुर्वाताची लस दिलेली, ग्लँडर्स नसल्याचा रक्ततपासणीचा अहवाल हाताशी. दोरीवर दोन्ही बाजूंनी फिरतो. खूर उचलू देतो. जीन ठेवू देतो. पाठीवर माणूस चार वेळा बसला आहे. अजून चालवलेला नाही.

या मसुद्यात तिला एक अडचण आली, आणि ती लेखनाच्या दृष्टीने खरी अडचण होती. अडीच वर्षांच्या घोड्याविषयी वर्तमानकाळात फार थोडे बोलता येते. सगळे पक्के दात यायला पाचवे वर्ष उजाडते. पाठीच्या कण्याची वाढ त्यानंतरही काही काळ चालू राहते. विकत घेणारा आज जे पाहतो ते घेत नाही, तीन वर्षांनी जे होईल ते घेतो. म्हणून तरुण घोड्यांच्या जाहिराती भविष्यकाळाने भरलेल्या असतात : उंची चौसष्टपर्यंत जाईल, चाल रेवाल निघेल, नाचकामाला उत्तम तयार होईल. हे भविष्यकाळी क्रियापद विकणाऱ्याच्या मालकीचे नसतेच, पण तो ते गुणांच्या यादीत घालून विकतो. मुलीने ‘होईल’ एकदाही लिहिले नाही. आईबापांच्या उंचीचे आकडे शेजारी शेजारी ठेवले आणि अनुमान वाचकावर सोपवले. ‘शांत स्वभावाचा’ हेही तिने खोडले. कारण ज्याच्यावर अजून कुणी स्वारी केलेली नाही तो कोणत्या प्रसंगी शांत, हा प्रश्न तिथे उरतोच. त्याऐवजी ‘चार वेळा’ हा आकडा राहिला. चार ही संख्या लहान आहे, पण घोड्यावर बसणाऱ्या माणसाला ती ‘शांत’पेक्षा पुष्कळ अधिक सांगते.

वडिलांना हा मसुदा आवडला. विकण्याचे कारणही तिने लिहिले होते : चारा महागला आहे आणि घरात फिरवणारा माणूस उरलेला नाही. ‘विकणे आहे’ या रचनेत लपलेला कर्ता असा एका वाक्यापुरता बाहेर आला. इतके झाल्यावर तिने वडिलांकडे पाहिले, आणि दोघांनाही ठाऊक असलेली गोष्ट कागदावर नाही हे दोघांनाही कळले.

बछेडा ढोलाला बुजतो. ढोलाला, ताशाला, फटाक्यांना. म्हणूनच तर त्याला यात्रेला नेता येत नव्हते. सारंगखेड्याच्या बाजारात घोडा स्वतःची जाहिरात स्वतः करतो. तिथे दात पाहिले जातात, पाय उचलले जातात, समोर पळवून दाखवावे लागते. कर्णे, वाजंत्री आणि हजारो माणसे यांच्यात जो उभा राहतो तो उभा राहतो. छापील जाहिरातीत यातले काहीच घडत नाही. छायाचित्रात तर घोडा कायमचाच शांत असतो. वडिलांनी बाजार सोडून जाहिरातीचा मार्ग का धरला, याचे उत्तर या एका वाक्यात होते, आणि तेच वाक्य जाहिरातीत नव्हते. तरुण घोड्याला आज चांगली किंमत देतात ते मुख्यतः वरातीचा धंदा करणारे. नवरदेवाला पाठीवर घेऊन हा बछेडा ढोलांच्या मधोमध उभा आहे, हे चित्र दोघांच्याही डोळ्यांसमोर आले असणार.

‘ते लिहायचं नसतं,’ वडील म्हणाले. ‘कुणी विचारलं तर सांगू. मी खोटं बोलणार नाही.’

हा युक्तिवाद लबाडीचा म्हणून बाजूला सारता येत नाही. त्याला एक प्रतिष्ठा आहे, आणि कायद्याचा आधारही आहे. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमातील सतरावे कलम फसवणुकीची व्याख्या करते आणि निव्वळ मौन म्हणजे फसवणूक नव्हे, असा खुलासा जोडते. गंमत अशी, की हा खुलासा समजावून देण्यासाठी कायदेकर्त्यांनी जी उदाहरणे रचली त्यांतील पहिली तिन्ही घोड्याचीच आहेत. एक माणूस लिलावात दुसऱ्याला घोडा विकतो. घोडा सदोष आहे हे त्याला ठाऊक आहे आणि तो काहीच बोलत नाही. ही फसवणूक नव्हे. दुसऱ्या उदाहरणात घोडा तोच, पण घेणारी विकणाऱ्याची मुलगी आहे, नुकतीच सज्ञान झालेली. इथे त्या नात्यामुळेच बोलणे हे बापाचे कर्तव्य ठरते. तिसऱ्यात घेणारा म्हणतो, की तुम्ही नाकारले नाहीत तर घोडा निर्दोष आहे असे मी धरून चालेन. आता विकणारा गप्प बसला तर त्याचे मौन हेच बोलणे होते. तीन-चार ओळींच्या या गोष्टी मौनाच्या अर्थविचारावरचा एक नेमका निबंध आहेत, असे म्हणण्यास हरकत नाही. मौन एकच, संदर्भ बदलला की त्याचा अर्थ उलटतो. (इंग्रजी न्यायालयांनाही मौनाचा प्रश्न घोड्याच्याच सौद्यात पडला होता. १८६२ च्या एका प्रसिद्ध खटल्यात काकाने पुतण्याला लिहिले, की तुझे काही कळले नाही तर घोडा माझा झाला असे समजेन. पुतण्याच्या मौनाला संमती मानता येणार नाही, असा निर्णय झाला.) दुसऱ्या उदाहरणातील मुलगी घोडा घेणारी आहे. बापासाठी जाहिरात लिहायला ती लेखणी घेऊन बसेल, हे कायदेकर्त्यांच्या कल्पनेत आले नसावे.

जाहिरातीतील मौन या तीन उदाहरणांपैकी कोणत्या जातीचे? विशेषणांनी भरलेला पहिला मसुदा पहिल्या उदाहरणाजवळचा आहे. त्याने वाचकाला काहीच सांगितले नव्हते, त्यामुळे त्याने काही लपवले, असेही नेमके म्हणता येत नाही. पोवाड्यावर विसंबून घोडा घेणारा आपल्या जबाबदारीवर घेतो. दुसऱ्या मसुद्याची गोष्ट निराळी आहे. त्यात लस आहे, दात आहेत, खूर उचलू देण्याची नोंद आहे, पाठीवर माणूस किती वेळा बसला याचा हिशेब आहे. इतके सांगणाऱ्याने जे सांगितले नाही ते नसलेच पाहिजे, असे वाचक धरून चालणार. म्हणजे तपशिलांची प्रामाणिक यादीच तिसऱ्या उदाहरणातील प्रश्न निर्माण करते. तो कुणी उच्चारण्याची गरज राहत नाही. मसुदा जसजसा सुधारत गेला, तसतसे त्यातील मौन अधिक खोटे होत गेले. पहिला मसुदा वाईट होता, पण त्याने कुणाचा पाय मोडला नसता.

ग्राइसने १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात शिफारसपत्राचे उदाहरण दिले आहे. तत्त्वज्ञानाच्या जागेसाठी अर्ज केलेल्या विद्यार्थ्याविषयी त्याचा शिक्षक एवढेच लिहितो, की याची भाषा चांगली आहे आणि हा वर्गात नियमित येतो. वाचणाऱ्याला जे कळायचे ते कळते. घोड्यांच्या जाहिरातींतही अशी एक सांकेतिक परिभाषा रूढ आहे. ‘अनुभवी स्वारासाठी’ म्हणजे पाडतो. ‘फार चपळ’ म्हणजे आवरत नाही. भारतीय काव्यशास्त्राला हे नवे नाही. आनंदवर्धनाने ध्वनीचे पहिले उदाहरण म्हणून ‘गाथासप्तशती’तील जी गाथा घेतली तीत गोदावरीकाठी येणाऱ्या एका धार्मिक माणसाला नायिका निर्धास्त फिरायला सांगते, कारण त्याला त्रास देणाऱ्या कुत्र्याला तिथल्या सिंहाने मारले आहे. वाच्यार्थ ‘ये’, व्यंग्यार्थ ‘येऊ नकोस’. ध्वनी कळण्यासाठी मात्र सहृदय लागतो, आणि जाहिरातीचा दोष असा, की तिला आपला वाचक निवडता येत नाही. ‘अनुभवी स्वारासाठी’ या शब्दांचा अर्थ अनुभवी स्वाराला बरोबर कळतो आणि तो येत नाही. ज्याला कळत नाही तोच येतो. काव्यात सहृदय नसलेला वाचक केवळ रसाला मुकतो; इथे तो जिनावरून खाली येतो.

म्हणून मुलीने व्यंजनेची वाट सोडली आणि अभिधेत लिहिले : ‘ढोल-ताशा व फटाके यांना बुजतो. वरातीसाठी किंवा मिरवणुकीसाठी घेऊ नये.’

‘म्हणजे येऊच नका असं लिहिलंस,’ वडील म्हणाले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग त्यांनी एक दुरुस्ती सुचवली : ‘बुजतो’च्या आधी ‘सध्या’ घाल.

त्या एका शब्दावर रात्री जेवण होईपर्यंत वाद चालला. ‘सध्या’ खोटे नव्हते. अडीच वर्षांच्या प्राण्याविषयीचे प्रत्येक विधान ‘सध्या’चेच असते, तो आज ५९ इंचांचा आहे हेही ‘सध्या’च. मग उंचीला तो शब्द नाही आणि भीतीलाच का, असे तिने विचारले. वडिलांचे म्हणणे, उंची आपोआप वाढते हे सगळ्यांना माहीत आहे. भीती जाते हे सांगावे लागते. ‘जाते का?’ तिने विचारले. त्यांनी खरे ते सांगितले. दोन महिने रोज संध्याकाळी दूरवरून हलगी वाजवून पाहिली होती. फरक पडला नव्हता. तेव्हा ‘सध्या’ गेले आणि त्याच्या जागी ते वाक्य आले : ‘दोन महिने सवय लावून पाहिली, फरक नाही.’ शब्दांवर पैसे आकारणाऱ्या वृत्तपत्रात एका शब्दाऐवजी सात शब्द घालणे वडिलांना अंगावर आले, आणि ते त्यांनी बोलूनही दाखवले. किमतीचा आकडा त्यांनी स्वतःच्या हाताने खोडून कमी केला. हा भाग मुलीने लिहिलेला नाही.

जाहिरात आली त्या आठवड्यात फार दूरध्वनी आले नाहीत. वरातवाल्यांपैकी एकाने फोन करून, असे छापतात का, म्हणून वडिलांची थट्टा केली. चौथ्या दिवशी सातपुड्याच्या पायथ्याकडून एका वयस्क शेतकऱ्याचा फोन आला. त्यांना शेतावर फिरण्यासाठी घोडा हवा होता. त्यांनी रंग विचारला नाही, भोवरे विचारले नाहीत. त्यांचा प्रश्न असा होता : बुजतो म्हणजे नेमके काय करतो? उधळतो, मागच्या पायांवर उभा राहतो, की जागेवर थरथरतो?

वडील थांबले. ‘बुजतो’ हे एक क्रियापद त्यांनी इतकी वर्षे सगळ्यांसाठी वापरले होते आणि मुलीनेही ते तसेच उचलले होते. तीन वेगवेगळ्या घोड्यांना ते सारखेच लागू पडते, हे दोघांच्याही ध्यानात आले नव्हते. अभिधाही इतकी सैल असू शकते. वडील मग आठवून आठवून सांगू लागले. आधी कान मागे जातात. मग घाम सुटतो. मग मागे मागे सरकत जातो, खुंटा उपटेपर्यंत. पुढे धाव घेत नाही. आणि बोलता बोलता त्यांनी मुलीला कधीच न सांगितलेली एक गोष्ट सांगितली. शिंगरू सहा महिन्यांचे असताना, आईपासून नुकतेच तोडलेले, एका रात्री वरात पाहायला म्हणून त्यांनीच त्याला दारात बांधले होते. फटाक्यांची माळ त्याच्या पोटाखाली येऊन फुटली. दोर आखूड होता. ओट्यावर बसलेली मुलगी हे ऐकत होती.

रविवारी ते गृहस्थ आले. चहा झाला. त्यांनी दात पाहिले, चारही खूर उचलून पाहिले, बछेड्याच्या मानेवर हात ठेवून काही वेळ नुसते उभे राहिले. वाजवून दाखवा, असे ते म्हणाले नाहीत. वडीलच घरात गेले आणि स्टीलची परात आणि पळी घेऊन आले. दोर त्यांनी पाहुण्यांच्या हाती दिला, लांब सोडून. स्वतः विहिरीपलीकडे, बांधापर्यंत चालत गेले आणि तिथून परात वाजवीत हळूहळू परत येऊ लागले. विहीर ओलांडली, चिंच ओलांडली. चिंचेच्या अलीकडे बछेड्याचे कान मागे गेले.

पाहुण्यांनी हात वर केला. ‘बस, तिथंच थांबा,’ ते म्हणाले. दोर मुलीच्या हाती देऊन ते बछेड्यापासून वडिलांपर्यंतचे अंतर पावलांनी मोजू लागले.